पदवीनंतरचा अर्ज

बी. ए. झालेल्या मुलाला ‘पुढे काय?’ असे विचारले की तो गुणांचा हिशेब सांगू लागतो. गुण हवेतच, पण हातची जागा पुष्कळदा जाते ती कागदापायी.

मीरा-भाईंदरचेच पाहा ना. इथली कितीतरी कुटुंबे बाहेरगावाहून आलेली. समजा, मुलगा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा पदवीधर आहे आणि त्याला एम. ए. करायचे आहे मुंबई विद्यापीठात. १८५७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ त्याला भाईंदरहून लोकलने जाण्याइतके जवळ. पण मधे कोल्हापूरचा एक कागद आडवा येतो. तो म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र. ‘हा विद्यार्थी दुसरीकडे गेल्यास आमची हरकत नाही,’ असा पहिल्या विद्यापीठाचा दाखला. मागायचा कोल्हापुरात, द्यायचा मुंबईत आणि मुदत ठरवणार मुंबई! तेव्हा निकाल लागताच त्याची मागणी करून टाकावी.

अर्ज हल्ली संगणकावर भरतात. नाव गुणपत्रिकेत असेल तसेच, अक्षरन् अक्षर लिहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाहनोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जवळ ठेवावी. जातीच्या दाखल्याबरोबर नॉन-क्रीमीलेअरचा दाखला लागत असेल, तर त्याची मुदत तपासावी. गुणवत्ता यादीत नाव लागले की दिलेल्या दिवसांतच फी भरायची. नाही भरली तर जागा पुढच्याची.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुले अर्ज घेऊन तुमच्याकडेच येतील. त्यांना गुण नंतर विचारा. आधी शेवटची तारीख विचारा.