झाडावरच्या खुणा

थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपली की इकडे घरोघरी ख्रिसमसची झाडं उभी राहतात. आपल्या मराठी घरांतूनही राहतात. मुलं शाळेतून कागदाचा तारा नाहीतर देवदूत करून आणतात, तो टांगायला झाड हवं, म्हणून झाड येतं. त्या सुमारास भारतातून आजी-आजोबा आलेले असले, तर त्यांचा प्रश्न ठरलेला : "हे आपल्यात कधीपासून?" मित्राबरोबर चर्चमधला कार्यक्रम पाहून आलेल्या मुलांचा प्रश्न निराळा : "बाबा, त्यांच्या झाडावर मासा कशाला?"

माशाच्या प्रश्नापासून सुरुवात करू. बाजारात मिळणारे लाल चकचकीत गोळे म्हणजे मूळची सफरचंदं. जर्मन प्रदेशात २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वेचा दिवस. त्या दिवशीच्या नाटकात स्वर्गातलं झाड म्हणून सफरचंदं लावलेलं सदाहरित झाड असे. पुढे काचेचे गोळे आले आणि सफरचंद विस्मरणात गेलं.

अशी शोभाच शोभा उरली, तेव्हा १९५७ साली व्हर्जिनियातल्या डॅनव्हिल गावी, असेन्शन ल्यूथरन चर्चमध्ये, फ्रान्सेस किप्स स्पेन्सर या बाईंनी एक वेगळं झाड सजवलं. त्यावर फक्त ख्रिस्ताशी संबंधित जुन्या खुणा, त्याही हाताने केलेल्या. रंग दोनच : पांढरा पावित्र्याचा, सोनेरी राजवैभवाचा. ख्रिस्ताचं नाव आणि 'मोनोग्राम' हे शब्द जोडून या खुणांना 'क्रिस्मॉन' म्हणू लागले. त्या विकायच्या नसतात, आपण करायच्या असतात. अशी झाडं आता अनेक चर्चमधून दिसतात.

आम्ही इंजिनिअर मंडळी ड्रॉइंग हाती आलं की आधी कोपऱ्यातला खुणांचा तक्ता बघतो. तो नसेल तर सर्किटमधली नागमोडी रेघ ही नुसती नागमोडी रेघच. या झाडाचाही तसा तक्ता आहे.

मासा ही फार जुनी खूण. ग्रीक भाषेत माशाला 'इख्थुस' म्हणतात. त्यातली पाच अक्षरं म्हणजे 'येशू', 'ख्रिस्त', 'देवाचा', 'पुत्र', 'तारणारा' या ग्रीक शब्दांची आद्याक्षरं. रोममधल्या जमिनीखालच्या दफनभुयारांत हा मासा कोरलेला सापडतो. नांगरही तिथलाच. वादळात जहाजाला धरून ठेवतो तो नांगर, म्हणून आशेची खूण. शिवाय त्याच्या आकारात क्रूस लपलेला आहेच.

इंग्रजी एक्समध्ये पी अडकवल्यासारखी दिसते ती खूण म्हणजे 'खी' आणि 'ऱ्हो', ख्रिस्ताच्या ग्रीक नावातली पहिली दोन अक्षरं. इथे 'एक्समस' असं लिहिलं की 'ख्रिस्ताचं नाव गाळलं' म्हणून काही जण रागावतात. पण तो एक्स मुळात इंग्रजी नाही, हे ग्रीक 'खी'च आहे!

शिंपला म्हणजे बाप्तिस्म्याचं पाणी. कोशातून बाहेर पडणारं फुलपाखरू म्हणजे पुनरुत्थान. पेलिकन पक्षीण चोचीने स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजते, अशी युरोपात जुनी समजूत होती. पक्षीशास्त्रात ती टिकत नाही, पण दुसऱ्यासाठी प्राण देण्याची खूण म्हणून पक्षीण झाडावर टिकली आहे. मात्र सगळंच ऐकलेलं खरं नसतं. लाल-पांढरी साखरेची काठी येशूच्या नावाच्या 'जे'साठी बनवली, ही गोष्ट सर्रास सांगतात. तिला पुरावा मिळत नाही.

आता आजोबांचा प्रश्न. 'आपल्यात' म्हणताना वसईची आठवण ठेवायला हवी. तिथली मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हा सण करतात. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून येऊन मराठीत कधीच रुळला. डिसेंबरात वसईच्या दारांवर लटकणारा कागदी तारा बेथलेहेमचा खरा, पण दिसायला थेट आपल्या आकाशकंदिलाचा भाऊ.

तरीही आपल्या घरात झाड ठेवायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. काहींना वाटतं, मुलं इतकं शिकली तर तिकडचीच होतील. मला भीती वाटते ती न कळण्याची. दिवाळीत दारातल्या रांगोळीत स्वस्तिक काढताना इथे आपला हात थबकतो. शेजाऱ्याला त्यात हिटलर दिसतो, आपल्याला मंगल दिसतं. अशा वेळी वाटतं, त्याने मत बनवण्याआधी एकदा आपल्याला विचारावं. मग त्याच्या माशाबद्दल, नांगराबद्दल आपणही विचारायला नको का? विचारलं तर लोक हौसेने सांगतात, आणि पुढच्या दिवाळीत आपली रांगोळी बघायलाही येतात.

आणखी एक. ज्या मुलाने माशाबद्दल विचारलं, ते उद्या विचारणार : कलशावर नारळ का? दाराला आंब्याचीच पानं का? गणपतीजवळ उंदीर कशाला? तिथे "असतं तसं, बस गप्प" असं म्हटलं, तर त्याच्या दृष्टीने अर्थ फक्त शेजाऱ्याच्या झाडावर राहील आणि आपल्या देव्हाऱ्यात नुसत्या वस्तू. तेव्हा मंडळी, यंदाच्या सुट्टीत आजी-आजोबा घरी असतील, तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा आणि आपल्या खुणांचा तक्ताही लिहून काढा. आजोबांनाही तो प्रश्न आवडेल.