फियाट की ॲम्बेसेडर? व्यापाऱ्याचा हिशेब

जुनी फियाट किंवा ॲम्बेसेडर विकाऊ दिसली की आजही लोक थांबून भाव विचारतात. आम्ही पालीचे राहणारे, धंदा कापडाचा. तागा घेताना आम्ही पोत, पन्हा आणि भाव एकत्र पाहतो. गाडीलाही तोच नियम लावावा, असे आमचे मत आहे.

फियाट मुंबईची. इटलीच्या कंपनीची ही ११०० डी गाडी १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनू लागली आणि १९७४ पासून 'पद्मिनी' म्हणून ओळखली गेली. ॲम्बेसेडर बंगालची. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली ही गाडी १९५७ मध्ये कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात सुरू झाली.

फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे, वजन सुमारे ९०० किलो, लांबी चार मीटरच्या आत. त्यामुळे पेट्रोल कमी आणि बाजाराच्या गल्लीत वळवणे सोपे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिलाच पसंत केले ते याच हिशेबाने. ॲम्बेसेडरचे नेहमीचे पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचे, गाडी लांब, रुंद आणि जड. मागची सीट ऐसपैस, डिकी मोठी, खराब रस्त्यावर दणकट. पुढे तिच्यात डिझेल इंजिनही मिळू लागले. कुटुंब मोठे आणि प्रवास लांबचा असेल तर ती उजवी; शहरातल्या रोजच्या फेऱ्यांना फियाट उजवी.

मात्र व्यापारी बंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी परवान्याचे राज्य होते आणि गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत असे. माल आपोआप खपत असल्याने कारखान्यांनी त्यात फारसा बदल केला नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली, ॲम्बेसेडर २०१४ मध्ये. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही २० वर्षांची मुदत भरल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. नाइलाजाने येणारे गिऱ्हाईक दुसरे दुकान उघडताच निघून जाते.

आज कोणाला हौसेने घ्यायचीच असेल तर रंगावर भुलू नये. दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, सांगाडा आणि बॉडी एकच आहे. त्यामुळे तळाचा पत्रा सडला म्हणजे गाडीचा कणाच गेला. समुद्रकाठच्या गावात खारी हवा पत्रा लवकर खाते, म्हणून गाडी उचलून खालून पाहावी. १५ वर्षांनंतर लागणारी फेरनोंदणी झाली आहे का, तेही कागदावर तपासावे. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरील गाडीची 'व्हिंटेज' नोंदणी होते, पण तशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही.

थोडक्यात, ही हौसेची खरेदी आहे. तिच्यासाठी धंद्याचे भांडवल मोडू नये. पैसे देण्याआधी ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा आणि सुटे भाग कोठे मिळतील याची खात्री करावी.