घनता नकाशाचे मापन आणि आकारबदल

घनता नकाशा म्हणजे रेणूने व्यापलेल्या अवकाशातील घनतेची त्रिमितीय नोंद होय. क्ष-किरण स्फटिकशास्त्रात ही नोंद इलेक्ट्रॉनांच्या घनतेची असते, तर क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनात विद्युत विभवाची. संगणकात हा नकाशा समान आकाराच्या लहान घनांची जाळी म्हणून साठवला जातो. अशा एका घनाला व्होक्सेल म्हणतात. कायमेरा, कायमेरा-एक्स यांसारख्या रेणुदर्शन प्रणाली या जाळीतील ठरावीक मूल्याचे बिंदू जोडून पृष्ठभाग रेखाटतात.

व्होक्सेलचा आकार

एमआरसी स्वरूपाच्या धारिकेत आरंभी पेटीची लांबी आणि जाळीतील भागांची संख्या नोंदलेली असते. पहिलीला दुसरीने भागले की व्होक्सेलची बाजू अँगस्ट्रॉममध्ये मिळते (१ अँगस्ट्रॉम = ०.१ नॅनोमीटर). ही नोंद चुकली, तर रेणूचे रूप यथातथ्य दिसते, मात्र प्रत्येक माप चुकते. भूगोलाच्या नकाशाची प्रत मोठी करून काढली आणि कोपऱ्यातील शब्दप्रमाण तसेच राहिले, तर जे होते तेच येथे घडते. खरी बाजू १.०० असताना १.०५ नोंदली गेली, तर लांबी ५ टक्क्यांनी फुगते, पण घनफळ जवळजवळ १६ टक्क्यांनी. प्रथिनातील लगतच्या दोन अल्फा-कार्बनांमधील सुमारे ३.८ अँगस्ट्रॉमचे अंतर मग ४च्या घरात जाते आणि अणूंची प्रतिकृती नकाशात नीट बसत नाही.

सूक्ष्मदर्शकाच्या विशालनाचे अंशांकन काटेकोर नसल्यास असा दोष येतो. आधीच ज्ञात असलेली संरचना नकाशात बसवून, व्होक्सेलचा आकार थोडाथोडा बदलत, जुळणी सर्वोत्तम होईल तो आकार स्वीकारणे हा त्यावरील रूढ उपाय आहे. यात जाळीतील संख्या बदलत नाहीत, केवळ त्यांचे प्रमाण बदलते.

पुनर्नमुनीकरण

नव्या जाळीवरील मूल्ये अंतर्वेशनाने काढणे ही याहून वेगळी क्रिया असून या दोहोंची गल्लत वारंवार होते. दोन नकाशांची वजाबाकी करायची असेल, तर दोन्ही एकाच जाळीवर आणावे लागतात, तेव्हा ती उपयोगी पडते. व्होक्सेलची बाजू निम्मी केल्यास २०० × २०० × २०० जाळीतील ८० लाख बिंदूंचे ६ कोटी ४० लाख होतात. पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, तरी नवी माहिती एका कणाचीही मिळत नाही. उलट व्होक्सेल मोठे केल्यास, त्यांच्या बाजूच्या दुपटीहून बारीक तपशील कायमचा गमावतो.

घनफळ

घनफळाचे मापन पृष्ठभागासाठी निवडलेल्या उंबरठा-मूल्यावर अवलंबून असते. उंबरठा खाली आणला की रेणू फुगतो, वर नेला की आक्रसतो. प्रथिनाच्या प्रत्येक डाल्टनला सुमारे १.२१ घन अँगस्ट्रॉम जागा लागते. त्यानुसार १ लाख डाल्टनच्या प्रथिनाचे घनफळ सुमारे १ लाख २१ हजार घन अँगस्ट्रॉम येते आणि पुष्कळदा त्यावरूनच उंबरठा ठरवला जातो. मात्र अशा उंबरठ्याने मिळालेले घनफळ रेणुभाराचा स्वतंत्र पुरावा म्हणून मांडता येत नाही.