सरकता दरवाजा जुना घ्यायचा तर…

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून सोलापूरच्या दिशेने निघाले की राष्ट्रीय महामार्ग 52 वर चौसाळा लागते. बीड शहरात रेल्वे आली तीच 17 सप्टेंबर 2025 रोजी. चौसाळ्याला ती अजून नाही. बाजारहाट, दवाखाना, तालुक्याची कामे, शाळा-कॉलेज, लग्नकार्य, सगळी भिस्त एसटीवर आणि प्रवासी गाड्यांवर. या गाड्यांत सरकत्या दरवाजाच्या दोन गाड्या घराघराला ठाऊक आहेत: मारुतीची ओम्नी आणि तिच्यामागून आलेली ईको.

मारुतीने ही व्हॅन 1984 मध्ये आणली. ओम्नी हे नाव तिला 1988 मध्ये मिळाले. 796 सीसीचे इंजिन, दोन्ही बाजूंना सरकणारे दरवाजे, अरुंद बोळातही माणसे उतरवता येतील अशी सोय. अपघात-सुरक्षेचे नवे नियम आले तेव्हा जुन्या रचनेची ही गाडी त्यांत बसेना, आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. ईको जानेवारी 2010 पासून बाजारात आहे. म्हणजे ओम्नीचा दरवाजा चेपला, गंजला, तर मालकाची पावले भंगाराकडे वळणे साहजिकच आहे. पण ईकोवालेही जुनाच दरवाजा शोधतात. नवा दरवाजा सहसा नुसता पत्रा म्हणून मिळतो. काच, कुलूप, कडी, रबर, रोलर हे सगळे वेगळे घ्यायचे, वर रंगकाम. जुना मात्र ‘फुल कम्प्लीट’ मिळतो. हिशेब तिथेच फिरतो.

त्याआधी विम्याचा कागद काढून बघा. फक्त थर्ड पार्टी असेल तर प्रश्न मिटला. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल आणि दरवाजा अपघातात गेला असेल, तर दावा न करता खिशातून खर्च करण्यात अर्थ नाही. साध्या पॉलिसीत पाच ते दहा वर्षे वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 40 टक्के आणि दहा वर्षांपुढे 50 टक्के घसारा कापतात. रबर-प्लॅस्टिकवर 50 टक्के, काचेवर काहीच नाही. उरलेली रक्कम आणि जुन्या दरवाजाचा एकूण खर्च शेजारी शेजारी मांडा, मग ठरवा.

जुन्या सुट्या भागांसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दिल्लीत मायापुरी प्रसिद्ध आहेत. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, तेव्हापासून उत्तरेकडून मोडीत निघणाऱ्या गाड्यांचा ओघ वाढला. दूरच्या बाजारातून स्वस्तात दरवाजा मागवण्याचा मोह होतो. माझे मत स्पष्ट आहे: न पाहता घेऊ नका. जिथे गाडी नेऊन दरवाजा लावून बघता येईल, तिथूनच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

कारण सरकता दरवाजा बिजागरीवर टांगलेला नसतो. तो तीन पट्ट्यांवर धावतो. एक वर छताजवळ, एक खाली पायरीशी, तिसरी मागच्या पत्र्यावर बाहेरून दिसणारी. वरचा रोलर दरवाजाला फक्त सरळ धरून ठेवतो. वजन मुख्यतः खालच्या आणि मधल्या रोलरवर असते. पट्टीचे पुढचे टोक आत वळलेले असते, म्हणून शेवटच्या वितीत दरवाजा आत ओढला जाऊन पत्र्याच्या पातळीत बसतो. मधला रोलर झिजला की दरवाजाचे मागचे टोक खाली येते, कुलूप खिट्टीला नीट धरत नाही, आणि माणसे दरवाजा आपटू लागतात. आपटल्याने बिघाड वाढतो. आपल्याकडे त्यात काळ्या मातीची भर. पावसाळ्यात पायांबरोबर आलेला चिखल खालच्या पट्टीत बसतो, वाळून घट्ट होतो. त्यावरच ग्रीस थोपले की रोलर खाणारा लेप तयार होतो. आधी खरवडून, पुसून काढायचे, मगच ग्रीस, तेही थोडेच.

म्हणून दुकानात गेल्यावर रंगाची चकाकी बघू नका. दरवाजा उलटा करून खालची दुमड बघा. पाणी निघायची भोके बुजली असतील तर गंज आतून लागलेला असतो. लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्यावर लांबी भरलेली आहे. काचेच्या कोपऱ्यातला छापा वाचा, कारण कुणी साधी काच बसवलेली असेल तर ती फुटल्यावर सुऱ्यासारखे तुकडे होतात. टफन्ड काचेचा बोथट चुरा होतो. ड्रायव्हर साइड की क्लीनर साइड, हे आधी सांगा. दोन्ही दरवाजे एकमेकांचे आरशातले रूप आहेत, अदलाबदल होत नाही. ओम्नीची लांबी 3370 मिलिमीटर, ईकोची 3675, तेव्हा एकीचा दरवाजा दुसरीला बसवण्याचा विषयच नको. एकाच गाडीतही सालानुसार कुलूप-कडीत फरक निघू शकतो.

आणि आपल्याच गाडीची चौकट तपासा. बाजूने धडक बसली असेल तर खांब वाकलेला असतो, मग कितीही चांगला दरवाजा आणा, तो नीट बसणार नाही. दोन्ही बाजूंच्या चौकटींची तिरपी मापे टेपने घ्या. जुळली नाहीत, तर आधी डेंटरकडे जा, दरवाजा नंतर.

बिलाचा आग्रह सोडू नका. 2021 च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रे उभी राहिली आहेत, पण गल्लीतला भंगारवाला अजून मोठा आहे. चोरीच्या गाडीचे भाग करून विकणे ही जुनी युक्ती. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार चोरीची वस्तू अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्या गाडीतून दरवाजा निघाला तिचा नंबर बिलावर लिहून घ्या. प्रामाणिक दुकानदाराला त्यात अडचण नसते.

शेवटी, शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्यांना एक विनंती. दरवाजाचा पत्रा जुना घ्या, हरकत नाही. रोलर, कुलूप आणि रबर मात्र नवेच टाका, आणि मुलांना आतून दरवाजा उघडू न देणारी कळ त्यात असेल तर ती स्वतः आत बसून तपासा. सुतळीने बांधलेल्या दरवाजाची गाडी मुले भरून रस्त्यावर काढू नका.