द्राक्षबागेचे आयुष्य आणि छाटणीची कात्री

नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांतील द्राक्षबागांवर वर्षातून दोनदा कात्री चालते आणि पीक मात्र एकदाच हाती येते. थंड देशांत हिवाळ्यात द्राक्षवेलीची पाने झडतात, वेल निद्रिस्त होते आणि त्या काळात एकदा छाटणी केली की वर्षाचे काम भागते. महाराष्ट्राच्या उष्ण हवेत वेलीला अशी निद्रा लाभत नाही. ती सदैव वाढू पाहते. या वाढीला शिस्त लावण्यासाठी येथे दोन छाटण्यांची पद्धत रूढ झाली. फळे निघाल्यावर, साधारणतः एप्रिलमध्ये, खरड छाटणी होते. पावसाळा सरताना, बहुतांशी ऑक्टोबरच्या सुमारास, फळछाटणी होते. बागलाणसारख्या भागात लवकर बाजार गाठण्यासाठी फळछाटणी पावसाळ्यातच उरकली जाते, परंतु क्रम तोच राहतो.

या दोहोंपैकी फळछाटणीकडे सर्वांचे लक्ष असते, कारण घड तिच्यानंतर दिसतात. वस्तुतः त्या घडांचे भवितव्य आधीच ठरलेले असते. खरड छाटणीत ओलांड्यावरील जुन्या काड्या तळाशी एखादा डोळा राखून कापल्या जातात व तेथून नव्या काड्या फुटतात. छाटणीनंतर सुमारे ४० ते ६० दिवसांच्या अवधीत या कोवळ्या काड्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात. या काळात डोळ्यांना भरपूर सूर्यप्रकाश लागतो. एप्रिलच्या आरंभी छाटलेल्या बागेत ही घडण मे महिन्याच्या स्वच्छ उन्हात सुरू होते. तीच छाटणी मेपर्यंत लांबली, तर ती जून-जुलैच्या ढगाळ दिवसांत सापडते आणि पुष्कळ डोळे वांझ निघतात. काड्यांची गर्दी झाली, पानांनी पाने झाकली, तरी परिणाम तोच. म्हणून जादा फुटी वेळीच विरळ करणे हा छाटणीचाच भाग समजला पाहिजे.

फळछाटणीत काडीवर किती डोळे राखावेत, हा प्रश्न यातूनच निर्माण होतो. थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून निवडलेल्या तास-ए-गणेशसारख्या वाणांत तळाचे डोळे सहसा फलदायी नसतात. शेंडा खुडून उपकाडी घेतली असेल, तर गाठीजवळचे डोळे चांगले घड देतात. तथापि हे प्रत्येक बागेत व प्रत्येक वर्षी सारखे नसते. यासाठी छाटणीपूर्वी काड्यांचे नमुने घेऊन डोळे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची सोय आहे. मांजरी येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रामुळे अशा शास्त्रीय मार्गदर्शनाला एक स्थायी ठिकाण मिळाले. शेजाऱ्याने सात डोळे ठेवले म्हणून आपणही सात ठेवावेत, ही चाल खर्चाची ठरते.

जखम भरत नाही

बागेच्या दीर्घायुष्याच्या दृष्टीने एक गोष्ट सर्वांत कमी लक्षात घेतली जाते. जनावराची जखम नव्या कातडीने भरून येते. वेलीची तशी भरत नाही. कापलेल्या जागेखालचे लाकूड आतल्या आत वाळत जाते आणि काप जितका जाड, तितका हा वाळलेला भाग खोल उतरतो. एका वर्षाच्या काडीवरील कापाने फारसे बिघडत नाही. पण जुना, अंगठ्याएवढा भाग खोडाला अगदी घासून कापला, की वाळवण थेट रसवाहिन्यांपर्यंत पोहोचते. ओल्या हवेत अशा उघड्या जखमेतून बुरशी शिरते. काही वर्षांनी ओलांड्याचा एखादा हात फुटेनासा होतो; त्या वेळी दोष खताला किंवा पाण्याला दिला जातो.

यास्तव शक्यतो कोवळ्या लाकडावर, लहान व गुळगुळीत काप घ्यावा. जाड भाग काढणे अपरिहार्य असल्यास थोडे थोटूक राखावे, म्हणजे वाळवण त्या थोटकातच थांबते. कात्री धारदार असावी आणि रोगट वेलीवरून निरोगी वेलीकडे जाताना ती निर्जंतुक करून घ्यावी. मोठ्या जखमांवर मोरचूद व चुन्याची बोर्डो पेस्ट लावावी. सुटलेली साल काढून टाकल्यास तिच्याखाली दडणाऱ्या पिठ्या ढेकणाचा आसराही नाहीसा होतो.

हे सारे करणारे हात बहुधा बागाइतदाराचे नसतात. दिंडोरी व निफाडच्या बागांत पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात आणि काम पुष्कळदा एकरी उक्ते ठरते. उक्त्या कामात वेगाला मोल मिळते, कापाच्या जागेला मिळत नाही. एका हंगामात हजारो काप घेणाऱ्या या मजुरांना तो काप का व कोठे घ्यावा हे सांगितले जात नसेल, तर शेतकऱ्यांसाठी भरविलेल्या चर्चासत्रांचा उपयोग अर्धाच म्हणावा लागेल. छाटणीच्या आधी आठवडाभर एखाद्या बागेत अर्धा दिवस प्रात्यक्षिक ठेवणे ग्रामपंचायतीला अवघड नाही, आणि मजुरांच्या गावातील शिक्षकांनाही त्यात हातभार लावता येईल. फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावण्याचे कामही याच हातांनी होते. हे द्रव्य विषारी आहे. हातमोजे व अंगभर कपडे आवश्यक आहेतच. शिवाय ते हाताळण्याच्या सुमारास मद्यप्राशन केल्यास प्रकृतीला गंभीर अपाय होतो, ही माहिती प्रत्येक टोळीपर्यंत पोहोचली पाहिजे.

ज्या बागांत ओलांडे रिकामे पडू लागले आहेत, त्या लगेच उपटण्याचे कारण नसते. खोड खालून निरोगी असेल, तर खरड छाटणीच्या वेळी खोडावरची एखादी जोमदार फूट राखून तिला तारेवर वळवावे व ती पक्व झाल्यावर जुना हात थोटूक ठेवून कापावा. बाग डॉगरीजसारख्या खुंटावर कलम केलेली असल्यास ही फूट कलमाच्या जोडाच्या वरूनच आलेली असावी. जोडाखालची फूट खुंटाची असते. तिला हव्या त्या वाणाचे घड कधीच लागत नाहीत, आणि ती दिसताच काढून टाकावी लागते.