संकेतस्थळाचे बिऱ्हाड

अंबरनाथ-बदलापूर परिसरात छोट्या साहित्य मंडळांना तोटा नाही. त्यांच्या अंकांचे जुने गठ्ठे कुणाच्या तरी माळ्यावर नाहीतर पलंगाखाली पडलेले असतात. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी बदलापुरातल्या घरांत शिरली, तेव्हा माणसे वाचवायची की कागद, हा प्रश्नच नव्हता. म्हणून आता मंडळे म्हणतात, आपले संकेतस्थळ काढू. मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस, आमच्या मंडळात हे काम माझ्याकडे आले. त्यातून जे समजले ते सांगतो.

संकेतस्थळ राहते ते सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे चोवीस तास जागा असलेला संगणक. वाचकाने पान मागितले की तो पाठवतो. त्याला चालवणारी मूळ व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, आणि ती विकत घ्यावीच लागते असे नाही.

इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दाने इथे घोळ होतो. आपल्याकडे फुकट वेगळे, मुक्त वेगळे. उर्दूतही मुफ्त निराळे आणि आझाद निराळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणालीचा संकल्प सोडला आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. हे सॉफ्टवेअर वाचा, बदला, वाटा, याला परवानगी आहे. उल्हासनगरच्या मालावरच्या ‘यूएसए’ची थट्टा आपण ऐकत आलो, इथे मात्र नक्कल करणे हा हक्कच आहे.

लिनक्सची घराणी अनेक. १९९३ पासूनचे डेबियन कोणा कंपनीचे नाही, जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात. त्याच्याच आधाराने २००४ मध्ये उबंटू आले. त्यामागे कॅनॉनिकल ही कंपनी आहे. त्याची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या फुकट मिळतात. फ्रीबीएसडी लिनक्स नव्हे. त्याचे मूळ बर्कले विद्यापीठात आहे. गाभा आणि भोवतालची साधने एकाच चमूची, म्हणून ते नीटनेटके आहे. नेटफ्लिक्सचे चित्रपट त्यावरून पोचतात. पण अडल्यावर धावून येणारा जाणकार आपल्या भागात सहज भेटत नाही.

सेंटओएसची गोष्ट तर लक्षात ठेवण्याजोगी. त्याची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल, असे सांगितले होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केले की ती २०२१ अखेर बंद होईल. असंख्य लोकांना बिऱ्हाड हलवावे लागले. पण संहिता मुक्त होती, म्हणून २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले. मुक्त असण्याचा खरा उपयोग हा: मालकाचे मन फिरले तरी घर आपले राहते.

मग निवडायचे कसे? वेगाची तुलना छोट्या मंडळाने करू नये. शे-दोनशे वाचकांना यापैकी काहीही पुरते. तीन प्रश्न विचारावेत. दुरुस्त्या किती वर्षे मिळणार? निर्णय कोणाच्या हातात आहे? आणि रात्री सर्व्हर बंद पडला तर ओळखीतला कोण तो चालू करील? तिसऱ्याचे उत्तर बहुधा उबंटू किंवा डेबियन येते. आम्ही डेबियन घेतले, कारण मंडळातल्या एका तरुणाला ते येते. विकिपीडियाचे सर्व्हरही, म्हणजे २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडियासुद्धा, आज डेबियनवरच चालतो.

दोन गोष्टी मात्र कुठलीही प्रणाली करून देत नाही. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो, नाहीतर वाचकाला कवितेऐवजी खुणांची रांगोळी दिसते. आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या गावी, दुसऱ्या यंत्रावर ठेवावी लागते. ती महिन्यातून एकदा उघडून पाहावी. न उघडलेली प्रत माळ्यावरच्या गठ्ठ्याइतकीच भरवशाची.