परीक्षेचा निकाल आणि राज्यकर्त्यांची पत

लष्करी राजवटीविरुद्धच्या असंतोषाचे चित्रण करावयाचे झाले की, दिग्दर्शक बहुधा भाववाढ, दुष्काळ अथवा गोळीबार यांपासून आरंभ करतो. पश्चिम आफ्रिकेतील माली देशाचे दिग्दर्शक सुलेमान सिसे (मृत्यू फेब्रुवारी २०२५) यांनी १९८२ साली ‘फिन्ये’, म्हणजे ‘वारा’, हा बंबारा भाषेतील चित्रपट काढला, तेव्हा ठिणगी म्हणून त्यांनी निवडली ती परीक्षा. निकालात लबाडी झाली आहे असे विद्यार्थ्यांच्या ध्यानात येते आणि ते रस्त्यावर उतरतात. त्यांच्यात बा हा जुन्या सरदार घराण्यातला नातू आहे, आणि त्याची प्रेयसी बात्रू ही तर खुद्द लष्करी गव्हर्नरची कन्या. ही प्रेमकथा आपल्या चित्रपटप्रेक्षकांना नवी वाटणार नाही. परीक्षेची निवड मात्र अर्थशास्त्राच्या अध्यापकाला विचार करावयास लावणारी आहे.

माली हा शेती व गुरे यांवर जगणारा, समुद्रकिनारा नसलेला दरिद्री देश. खाजगी उद्योग नाममात्र. सुशिक्षिताला नोकरी देणारा मुख्य धनी म्हणजे सरकार. पदवी मिळाली की सरकारी नोकरी ठरलेली, असा तेथील बराच काळचा रिवाज होता. १९८० नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींमुळे सरकारी खर्चाला कात्री लागली आणि हे दार अरुंद झाले. अशा देशात गुणपत्रिका ही सरकारने जनतेच्या नावे काढलेली हुंडीच असते. गरीब बापाने पोट मारून भरलेले पैसे त्या एका कागदात अडकलेले असतात. ती हुंडीच खोटी निघाली, तर बुडते ती काढणाऱ्याची पत. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणाऱ्या आम्हा मंडळींना हे वेगळे सांगावयास नको.

चित्रपटाचा प्राण मात्र बाचे आजोबा, कानसाये, हे आहेत. नातू तुरुंगात पडतो तेव्हा हा वृद्ध देवराईत जाऊन पूर्वजांना कौल लावतो. उत्तर मिळते ते असे की, आमची शक्ती आता सरली, तुझे तूच पाहा. तेव्हा तो आपला सरदारकीचा पोशाख जाळतो आणि मुलांच्या बाजूने उभा राहतो.

ही निव्वळ कल्पना नव्हती. १९६८ पासून सत्तेवर असलेल्या मूसा त्राओरे यांच्या कोठडीत मार्च १९८० मध्ये विद्यार्थी संघटनेचे सरचिटणीस अब्दुल करीम कामारा यांचा अंत झाला होता. त्याच राजवटीत, अवघ्या दोन वर्षांनी, हा चित्रपट निघाला, हे विशेष! सिसे यांच्या आधीच्या ‘देन मूसो’वर बंदी आली होती आणि त्यांना तुरुंगही पाहावा लागला होता. ‘फिन्ये’ने १९८३ साली वागादुगूच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळविले.

पुढे २०१२, २०२० आणि २०२१ मध्येही मालीत लष्कराने सत्ता बळकावली, हा भाग निराळा. त्राओरे मात्र २६ मार्च १९९१ रोजी पदच्युत झाले. त्याआधीच्या दिवसांत बामाकोच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या आयाही मोर्चा घेऊन बाहेर पडल्या होत्या.